नववा प्रश्न

त्या सकाळी मंडईत एकशे सेहेचाळीस विक्रेते होते. त्र्याण्णव बायका आणि त्रेपन्न पुरुष. पुरुषांसाठी मागच्या भिंतीला लागून चार मुताऱ्या होत्या, आणि त्या भरलेल्या असल्या की बाकीची भिंत होतीच. बायकांसाठी एक इमारत होती. दोन दरवाजे, सहा संडास, चार बेसिन, छपरावर हजार लिटरची काळी टाकी. दोन्ही दरवाजांना कुलपं होती. ती लावून चौदा महिने झाले होते.

मी हे सगळं वहीत उतरवत होते, तेवढ्यात खालून आवाज आला.

"काय गं पोरी, आज बी मोजाया आलीस व्हय?"

बायडाक्का मेथीच्या जुड्या रचत होत्या. वय साठीच्या आतबाहेर, कपाळावर ठसठशीत हिरवं गोंदण. येरळा नदीच्या काठच्या एका वस्तीवरून रोज पहाटे टेंपोत बसून यायच्या.

"मोजत्येय अक्का. तुम्ही बसा."

"मला मोजलीस का?"

"तुम्ही एक्काहत्तराव्या."

"ऐकलंस का भाभी, माझा एक्काहत्तरावा नंबर आलाय!"

शेजारी आलं-लिंबाचे वाटे लावून बसलेल्या रशीदाभाभी हसल्या. "शाळंत तरी कधी नंबर आला होता का तुझा?"

"शाळंत नावच न्हवतं घातलं, तर नंबर कशाचा येतुय?"

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एमएस्सी झालं होतं आणि तालुक्याच्या आमच्याच गावात, नगरपालिकेत सहा महिन्यांच्या करारावर मला काम मिळालं होतं. 'आपलं गाव राहायला अधिक चांगलं व्हावं म्हणून छोटे छोटे बदल सुचवा' अशी पालिकेची मोहीम होती. चौकाचौकांत पेट्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या चिठ्ठ्या वाचायच्या, वर्गवारी करायची आणि बिनखर्चाचे पाच बदल निवडून द्यायचे, हे माझं काम. एकूण चारशे बारा चिठ्ठ्या आल्या. बाकडी हवीत, हॉर्न बंद करा, शाळेसमोर गतिरोधक घाला, थुंकणाऱ्याला पकडा, बागेतला झोपाळा दुरुस्त करा. मंडईतल्या पेटीत एकोणचाळीस चिठ्ठ्या होत्या. एकही बाईची नव्हती.

म्हणून मी मंडईत जायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी बायडाक्कांनी आपण होऊन विषय काढला. महिन्याभरापूर्वी त्यांना थंडी वाजून ताप आला होता. कमरेत कळा, लघवीला आग. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की हे तिसऱ्यांदा होतंय, आता मूत्रपिंडावर जाईल, रोज तीन लिटर पाणी प्यायचं.

"तीन लिटर!" अक्का हात नाचवत म्हणाल्या. "पिती की. मग जाऊ कुठं? त्यांच्या टेबलावर बसू?"

"घरून निघाल्यावर कधी जाता मग?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाटं चारला. मग घरी जाऊन. तीनला, साडेतीनला."

"मधे नाहीच?"

"मधी पानीच प्यायचं न्हाई. मग काय हुतंय?"

"आणि अगदीच अडलं तर?"

"अडलं तर भाभी माज्या मेथीवर ध्यान ठेवती, आन् मी वड्याला जाऊन येती. येऊस्तवर अर्धा तास. त्यात दोन गिऱ्हाइकं जात्यात, आन् वड्याला दारू पिऊन बसलेली माणसं असत्यात ती निराळीच."

चारशे बारा चिठ्ठ्यांमध्ये याहून स्वस्त बदल नव्हता. बांधायचं काही नव्हतं. दोन कुलपं उघडायची होती.

* * *

मुख्याधिकारी कुलथे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. टेबलावर फायलींचे चार ढीग, बाजूला रक्तदाबाच्या गोळ्या, आणि समोर आलेल्याला ते आधी बसा म्हणायचे.

"ते उघडलेलं नाही, कारण त्याचं लोकार्पण झालेलं नाही," ते म्हणाले.

"मग करून टाकू या, सर."

"बांधलं मागच्या अध्यक्षांनी. कोनशिलेवर नाव त्यांचं. आताच्या अध्यक्षांचं म्हणणं, नाव माझं वर पाहिजे. मागचे म्हणतात, वर कुणाचंही घाला, पण मग मी येणार नाही, आणि माझे नऊ नगरसेवकही येणार नाहीत. चौदा महिने तो दगड माझ्या स्टोअररूममध्ये फडक्यात गुंडाळून पडलाय."

"लोकार्पणाशिवाय नुसतं उघडलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पालिकेची इमारत विकायला काढली होती.

"कणसे मॅडम, तुम्ही नवीन आहात. आणि दुसरं ऐका. बाजार वसुलीचं ऑफिस गळतंय. वापरात नसलेली इमारत त्यांना द्यावी असा ठराव येतोय, अठ्ठावीस तारखेच्या सर्वसाधारण सभेत. एकदा दिली की संपलं."

"सर, तिथे त्र्याण्णव बायका नऊ-नऊ तास बसतात. त्यातल्या एकीला तीनदा..."

"हे सांगू नका." त्यांनी हात वर केला, पण आवाज चढवला नाही. "सभेत एकवीस सदस्य आहेत. प्रत्येकाकडे सांगायला एक आजारी म्हातारी आहे. मला आकडा आणून द्या. किती बायकांना, दिवसातून किती वेळा गरज आहे. आकडा असेल तर मी तो वाचून दाखवीन आणि ठराव हाणून पाडीन. माझा शब्द."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. अख्ख्या इमारतीत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं.

* * *

प्रश्नावली मी दोन दिवस घासली. नऊ प्रश्न होते. पहिले सात साधे: नाव, वय, गाव, घरून निघायची वेळ, परत पोचायची वेळ, वगैरे. आठवा पाण्याचा. पण माणूस किती पाणी पितो हे त्याला विचारून कळत नाही, म्हणून तो मी विचारलाच नाही, मोजला. पहाटे साडेपाचला मंडईच्या दारात उभी राहून प्रत्येकीच्या बाटलीवर मार्करने रेघ मारायची, आणि निघताना पाणी कुठवर आलं ते पाहायचं. एक अडचण होती. बायका त्याच पाण्याने भाजी शिंपडायच्या. मग शिंपडायचं पाणी वेगळ्या डब्यात ठेवा, असं सगळ्यांना सांगितलं. तीन दिवस त्यांनी ते इमानाने पाळलं.

"भाजीला दोन डबं पानी लागतंय बघ," बायडाक्का मेथीवर ओला हात झटकत म्हणाल्या. "न्हाई शिंपडलं तर मान टाकती. आमी कुठं मान टाकतोय!"

नववा प्रश्न होता: बाजारात असताना तुम्हाला दिवसातून किती वेळा स्वच्छतागृहाची गरज भासते?

तो विचारावाच लागणार होता. मी सकाळी आठ ते अकराच्या मधे, प्रत्येकीच्या वाट्यासमोर उकिडवी बसून तो विचारला. त्या वेळी विचारला, कारण त्याच वेळी सगळ्या जागेवर असतात. गिऱ्हाइकंही त्याच वेळी असतात, हे मला दिसत होतं. पण त्याचा उत्तराशी काही संबंध असेल, असं मला वाटलं नाही.

पहिल्या बाईने पदर तोंडाशी नेला. "न्हाई बया. गरजच पडत न्हाई."

दुसरीनेही तेच सांगितलं. तिसरी म्हणाली, "आमाला सवय हाय." मी म्हटलं, सवय म्हणजे किती वेळा? ती समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाली, "न्हाईच म्हन." मी शून्य लिहिलं.

रशीदाभाभी नेहमीच्या बडबड्या. त्यांच्याकडून मला आशा होती. पण त्यांच्या लिंबांसमोर त्यांच्याच मशिदीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. भाभींनी लिंबं मोजता मोजता मान हलवली. "शून्य लिही, बेटा."

बायडाक्कांपाशी पोचले तेव्हा त्यांच्या बाजूला पोत्यावर एक फेटेवाले पाहुणे चहा पीत बसले होते. अक्कांच्या डोक्यावरून पदर कपाळापर्यंत आलेला. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ह्ये आमचं याही," त्या हळू म्हणाल्या. "थोरल्या लेकीचं सासरं."

मी नमस्कार केला आणि प्रश्न विचारत गेले. आठवा झाला. नववा मी वाचला, जसा छापला होता तसा, मोठ्याने.

पाहुण्यांनी चहाच्या कपातून वर पाहिलं. अक्कांची मान आणखी खाली गेली.

"न्हाई."

"अक्का, एकदाही?"

"न्हाई म्हनलं की. कदीच न्हाई."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या मेथीची एक जुडी उगाच सोडून परत बांधत होत्या. प्रयोगशाळेत पाच वर्षं आम्हाला एकच शिकवलं होतं: काटा जिथे थांबला तोच आकडा लिहायचा, कुठे थांबायला हवा होता तो नाही. मी शून्य लिहिलं.

दुपारी दोनला बाटलीवरची रेघ बघायला गेले तेव्हा पाहुणे गेले होते. अक्कांनी माझ्या हाताला धरून खाली बसवलं.

"येडी का खुळी गं तू? याह्याच्या म्होरं असलं इचारत्यात व्हय?"

"अक्का, मला सुचलंच नाही."

"बरं, जाऊ दे. आता लिही तिथं. तीन येळा लिही. भाभीचं बी तीन लिही."

"असं नाही लिहिता येत."

"का? पेनातली शाई सपली?"

"एकदा दिलेलं उत्तर मी माझ्या मनाने बदललं, तर सगळा अभ्यासच खोटा ठरतो. कुणी तपासलं तर?"

"आगं, मी सांगतीय की तुला! तुज्या मनानं कुठं, माज्याच मनानं लिहायचं हाय."

"मग सगळ्यांनाच परत विचारावं लागेल. आणि परत विचारलं तर म्हणतील, हिने पढवून उत्तरं काढली."

भाभी पलीकडून म्हणाल्या, "इतकी शिकली पोरगी, आणि खरं लिहायला घाबरते."

"भाभी, मी खरंच तर लिहित्येय."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यात राग नव्हता. मग अक्का म्हणाल्या, "बरं. सभा कदी हाय म्हनलीस?"

"अठ्ठावीसला. अकरा वाजता."

"आमी येतो. पन्नास जनी तरी येतील. बोलनार न्हाई, बोलाया न्हाई जमायचं आमाला. नुसत्या बसू तिथं. बघू दे त्यास्नी."

मी थोडा वेळ विचार केला. पन्नास बायका सभागृहात येऊन बसल्या तर ते मोर्चासारखं दिसेल, आणि कुलथे साहेबांनी तर भावना नको म्हणून सांगितलं होतं.

"नको अक्का," मी म्हटलं. "तुमचा एक दिवसाचा धंदा बुडेल. आकडे आहेत ना. आकडे बोलतील."

"बोलतील म्हंतीस?"

"बोलतील."

मला तशी खात्री होती, कारण आठवा रकाना माझ्याकडे होता. तीन दिवसांची सरासरी: नऊ तासांत एक बाई एकशे सत्तर मिलिलिटर पाणी पीत होती. त्र्याण्णवपैकी बावीस जणींच्या बाटल्यांतलं पाणी रेघेखाली उतरलंच नव्हतं. बाहेर तापमान अडतीस अंश. ज्याला वाचता येतं त्याला हा एक आकडा पुरे, असं मी धरून चालले. नवव्या रकान्यात एक्याऐंशी शून्यं होती. सहा जणींनी एक सांगितलं, सहा जणींनी दोन. सरासरी शून्य पूर्णांक एकोणीस. अहवालाच्या पहिल्या पानावर मी सगळ्या निष्कर्षांचा तक्ता दिला. शून्य का आलं याचं स्पष्टीकरण सातव्या पानावर, पाण्याच्या आकड्यांबरोबर होतं. आम्हाला असंच शिकवलं होतं. आधी निरीक्षणं, मग चर्चा.

* * *

सभेला एकवीस सदस्य हजर होते. त्यातल्या अकरा बायका. मी भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीत बसले होते.

कुलथे साहेबांनी शब्द पाळला. बाजार वसुलीचा ठराव आला तसे ते उठले, म्हणाले, या इमारतीच्या गरजेबाबत कार्यालयाने शास्त्रीय पाहणी केली आहे, आणि त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं. मला वाटतं त्यांनी ते आधी वाचलेलं नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा आवाज जरा अडखळला.

"स्वच्छतागृहाची दैनंदिन गरज, प्रति महिला, सरासरी... शून्य पूर्णांक एक नऊ."

"म्हणजे किती?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे पाच बायकांत मिळून दिवसातून एकदा," दुसऱ्या एकाने बोटांवर हिशेब केला. "त्याच्यासाठी सहा संडास?"

हशा पिकला. मी उभी राहिले. "सर, सातव्या पानावर..."

"तुम्ही बसा, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "चांगलं काम केलंय तुम्ही. आकडेवारीनिशी केलंय."

"सर, त्या पाणीच पीत नाहीत! म्हणून शून्य आलंय. नऊ तासांत एकशे सत्तर मिलिलिटर. इतकं तर आपण चहाच पितो."

हसणारे माझ्याकडे वळून बघायला लागले. त्या क्षणी मला वाटलं, जमलं. मी समोरच्या अकरा बायकांकडे पाहिलं. एक फोनमध्ये बघत होती, बाकीच्या टेबलाकडे.

"एवढंच?" अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "एवढ्या उन्हात? अहो, मग हा पाण्याचा प्रश्न आहे. आधी कुणी सांगितलं नाही ते? मंडईत थंड पाण्याची पाणपोई झाली पाहिजे. लगेच."

मागच्या अध्यक्षांनी हात वर केला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पाठिंबा दिला. "आमच्या गटाचं अनुमोदन. बायाबापड्यांचा प्रश्न आहे, यात राजकारण नको."

पाणपोईचा आणि वसुली ऑफिसचा, दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. एकवीस हात वर होते. मी मोजले.

बाहेर जिन्यात कुलथे साहेब म्हणाले, "तुम्ही तो आकडा तसाच कसा ठेवला, कणसे मॅडम?"

"तुम्हीच आकडा मागितला होता, सर."

ते कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेले.

पाणपोई नवव्या दिवशी सुरू झाली. स्टीलची टाकी, दोन नळ. वर दोन पाट्या, एकेका नळावर एकेका अध्यक्षांचं नाव, अक्षरांचा आकार सारखा. बँडवाले आले होते. त्याच आठवड्यात इमारतीतले संडास फोडून फरशी सपाट केली, आणि पावत्यांचे गठ्ठे तिथे आले.

मी बायडाक्कांसमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण त्यांनीच सुरुवात केली.

"बघितलीस का पानपोई? पानी लई गार हाय म्हनं."

"तुम्ही नाही प्यायलात?"

"गिऱ्हाईक पित्यात की." त्यांनी मेथीवर पाणी शिंपडलं. "तू कशापायी त्वांड पाडतीस? आमीच न्हाई म्हनलं न्हवं का? तू तर लिहिलंस निस्तं."

"अक्का, तुम्ही येतो म्हणाला होतात सभेला."

"आलो असतो तर काय केलं असतं त्यांनी? आनखी एक नळ दिला असता." आणि त्या हसल्या. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे एक लिंबू धरलं, ते मी घेतलं.

पाचव्या महिन्यात पालिकेने माझा करार संपवला. मोहिमेला जिल्ह्यात दुसरा क्रमांक मिळाला, पाणपोईच्या फोटोसकट.

* * *

पुढे मी गावातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. तिसऱ्या वर्षी, एका सोमवारी, दारात बायडाक्का दिसल्या. सुनेचा हात धरून चालत होत्या. चेहरा सुजलेला, पायाचं बोट चपलेच्या अंगठ्यात शिरत नव्हतं म्हणून चपला सुनेच्या हातात.

"एक्काहत्तरावी आली बघ," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाकावर बसवलं. सूनबाईंनी चिठ्ठी पुढे केली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून मोजायला सांगितलं होतं. मी त्यांना पाच लिटरचा पांढरा कॅन दिला आणि समजावलं: उद्या सकाळी उठल्यावरची पहिली सोडून द्यायची, तिथून परवा सकाळपर्यंतची सगळी, एक थेंबही न सांडता, यात धरायची.

"एवढा मोठा डबा?" अक्का म्हणाल्या. "ह्यो भराया पायजे का?"

"भरायला नाही पाहिजे. पण सगळी धरायची. आणि पाणी प्या भरपूर."

"आता पिती गं. आता काय, घरातच असती. मंडई सुटली संक्रांतीपास्नं. आता पिती तर डॉक्टर म्हंतो पिऊ नगं, अंगात साठतंय."

बुधवारी सून एकटीच आली. कॅनला बाहेरून ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"सगळी आहे ना? एखाद्या वेळची राहिली नाही ना?" मी विचारलं. हे विचारावं लागतं. चोवीस तासांत निरोगी माणसाची दीड लिटरच्या आसपास होते, आणि कमी आली की आधी सांडलवंड धरतात.

"न्हाई वो ताई. मी दोन दिस हललीच न्हाई त्यांच्याजवळनं. सासूबाईंनी इचारायला लावलंय, किती भरली म्हनून."

मी हातमोजे चढवले. सपाट ओट्यावर एक लिटरचं मोजपात्र ठेवलं, कॅन दोनदा हलवला आणि ओतला. कॅन उलटा धरून तीस सेकंद निथळू दिला. फेस खाली बसेपर्यंत थांबले, डोळे रेघेच्या पातळीत आणले आणि वाचलं. परत वाचलं.

दोनशे दहा मिलिलिटर.